इंटरवलनंतरचा खून

बायको जाऊन आठ महिने झाले. भेटायला येणारा प्रत्येक माणूस तिच्या शेवटच्या दिवसापासूनच सुरू करतो. दवाखाना कोणता, त्रास किती झाला, शेवटी काही बोलली का. मी सांगतो, बोलली, चहात साखर कमी आहे म्हणाली. मग ते चपला शोधतात. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण तिची एक गोष्ट लिहून ठेवतो. या गोष्टीत एक म्हातारा सेठ मरतो, तोही पडद्यावर.

साठ सालाच्या मागेपुढे मी एका फिरत्या तंबू टॉकीजमध्ये मशीन चालवायचो. दिवाळीनंतर कापूस निघाला की वणीच्या बाजाराबाहेर आमचा तंबू लागे. मधे कनात, अलीकडे बाप्ये, पलीकडे बाया. त्या वर्षी मालकाने खुनाचा सिनेमा आणला. खुनाचे सिनेमे तेव्हा सगळे सारखेच सुरू व्हायचे. पाऊस, विजा, भिंतीवरचं घड्याळ, नुसते चालणारे बूट, काळ्या मोज्यातला हात, दिवा जातो, किंकाळी. मग नावं. इकडे किंकाळी झाली की पलीकडची सगळी लेकरं भोकाड पसरायची आणि बाया त्यांना काखेत मारून घरी जायच्या. नावं संपेपर्यंत कनातीपलीकडे फक्त चटया.

मालक म्हणाला, "बाया गेल्या की त्यायचे बाप्ये बी जाते. शनवारी तिकडची बाजू टिकली नाई, त रविवारी तंबू उपडतो अन् पुसदले जातो. तुले बी चालावं लागन."

बायकोला नववा लागला होता. पहिल्या वेळी मी तंबूसोबत दिग्रसला होतो. मूल झालं आणि गेलं, मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्यावर ती मला कधी एक शब्द बोलली नाही. तेच मला जास्त लागलं.

मी घरी येऊन पुसदचं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने ती तव्यावर टाकली.

"बायायचं चुकते काय?" ती म्हणाली. "वळख ना पाळख, एक माणूस येते अन् मरते. आपल्या गल्लीत कोनी मेलं त आपन पयले इचारतो, कोनाचा कोन होता? तुमचा सिनेमा त पयले मढंच आनून टाकते."

"मंग काय करू? मेल्यावर वळख करून देऊ?"

"हाव. खून इंटरवलनंतर दाखवा. तवरिक लेकरं झोपते."

"अवो बाई, सिनेमा मुंबईत बनते. तू वणीत बसून बदलवते काय?"

"मुंबईवाल्यायनं रिळायचे डबे येगयेगळे काहून देल्ले मंग? अन् मालक त दारावर तिकिटं फाडून राह्यते, त्याले काय दिसते?"

शनिवारी मी पहिलं रीळ बाजूला ठेवलं आणि दुसऱ्यापासून खेळ सुरू केला. पडद्यावर लख्ख सकाळ. बंगल्यात चहा चालला आहे, भिंतीवर सेठचा हार घातलेला फोटो, इन्स्पेक्टर प्रश्न विचारतो आहे. कोणी किंचाळलं नाही. उलट पलीकडे पंचायत भरली.

"तो चहावाला पाह्य, मान वर करत नाई!"

"नाई वो माय, सूनच हाये. सासऱ्याच्या फोटोकडं एकडाव पाह्यलं नाई तिनं."

बाप्यांमधून कोणीतरी ओरडलं, "नावं काहून नाई आली बे?" बायांनीच त्याला गप्प केलं.

इंटरवलनंतर मी पहिलं रीळ लावलं. पाऊस, घड्याळ, बूट. आणि पलंगावर सेठ, दूध पितो आहे. सगळा तंबू ओरडला, "फोटोतला म्हातारा जित्ता झाला!" मग हळूहळू सगळ्यांच्या ध्यानात आलं, हा आता मरणार. दारावर थाप पडली तशा बाया उभ्या राहिल्या. "सेठ, दार नोको उघडू! बाबा, मांगं फिर!" सेठने कोणाचं ऐकलं नाही. किंकाळी झाली, पण लेकरं गाढ झोपली होती. त्यावर नावं आली, तशी बाप्यांनी शिट्ट्या मारल्या, "एका तिकिटात दोन सिनेमे!"

मालक धावत मशीनपाशी आला. "माहा सिनेमा उलटा केला काय बे तू?" माझी कॉलर धरली. धरल्या धरल्या त्याने पलीकडे पाहिलं. एकही बाई उठली नव्हती. कॉलर सोडून म्हणाला, "उद्या बी असाच लाव."

पलीकडे बायकोही कनातीला टेकून बसली होती. घरी जाताना म्हणाली, "सेठ मेला तवा मी रडली."

"तो त रोज मरते."

"रोज मरो. आज वळखीचा होता."

तंबू हलला नाही. आसपासच्या गावांतून बैलगाड्या यायला लागल्या, लोक दारावर 'दोनवाला' सिनेमा मागायचे. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. सुईणीला मीच बोलावून आणलं, पाणी मीच तापवलं, आणि मग सुईणीने मला ओट्यावर हाकललं. सूर्य डोक्यावर आला तेव्हा तिने दार उघडलं. पोरगी होती, रडत होती.

मी आत गेलो. बायकोने पोरगी माझ्या हातात दिली. मी खांद्याने डोळे पुसले.

"रडता कायले?" ती म्हणाली. "मेलं नाई कोनी."