गवत समजून उपटलेलं धान

काल आसगावला आमच्या शेताच्या बांधावर दुपारभर नुसती बसून होते. गुडघ्याएवढं धान, खाली पाण्यात ढग... आणि मन कुठेतरी तरंगत. मागच्या वर्षीचे, याच सुमारातले माझे वीस दिवस आठवणीतून पार पुसले गेलेत, ते शोधत बसले होते म्हणा ना!

आठवतं ते इतकंच... लख्ख ऊन, हिरवं हिरवं पाणी आणि लांबून कोणीतरी माझं नाव घेतंय. बाकी सगळं सासूबाईंनी सांगितलेलं.

झोप उडाली होती म्हणे माझी. एकटीच बडबडायचे, पोटच्या लेकीकडे बघून "ही कोण?" विचारायचे. अख्खी गल्ली म्हणाली, बाहेरचं लागलंय... मांत्रिकाकडे न्यायला गाडीसुद्धा सांगून झाली.

त्याच सकाळी मी सवयीने निंदायला उतरले. गवत तसंच ठेवलं आणि धान मुळासकट उपटून बांधावर रचलं... वर छान जुड्या बांधून! लहानपणापासून निंदतेय हो मी, धान तर डोळे झाकून ओळखेन.

सासूबाई ओरडल्या नाहीत. जुड्यांकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "भूत लागलेली बाई बी धान उपटत नाही. इच्या डोक्यातच काही बिघडून राहिलं. गाडी नागपूरले घ्या."

नागपूरला मणक्यातलं पाणी तपासलं आणि आजाराचं नाव कळलं, ऑटोइम्यून एन्सेफलायटिस. डॉक्टरांनी समजावलं... अँटीबॉडी असतात जंतूंना मारायला, माझ्या मात्र माझ्याच मेंदूच्या पेशींवर उलटल्या होत्या. म्हणून मेंदूला सूज. सासूबाई पटकन म्हणाल्या, "म्हंजे इनं शेतात केलं, तेच ना जी! गवत समजून धान उपटलं." अगदी तेच, डॉक्टर म्हणाले... आणि आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं.

मग स्टिरॉइड, सलाईन, महिनोन्‌महिने गोळ्या. हळूहळू एक एक माणूस परत ओळखू यायला लागलं. ज्या दिवशी लेकीचं नाव माझ्या तोंडून निघालं, त्या दिवशी मात्र सासूबाई ढसाढसा रडल्या.

त्या दिवसांत मी कोणालाच ओळखत नव्हते, स्वतःलासुद्धा नाही. पण हे भूत नाही, दुखणं आहे, हे एका बाईने ओळखलं... म्हणून आज लेकीने "आई" अशी हाक मारली, की "ओ" द्यायला मी आहे.