गफूरचाचांचं बोट

अण्णांची शुगर वर्षभर एकदम उत्तम होती. फक्त ती अण्णांची नव्हती.

मी जालन्यात हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, आई-अण्णा कुंभार पिंपळगावात. त्या काळात शुगर तपासायचं यंत्र घरी असणं म्हणजे केवढी शान! मी ते आणलं आणि फर्मान काढलं, "अण्णा, रोज सकाळी बोट टोचायचं, पट्टीवर रक्त लावायचं, आकडा मला फोनवर सांगायचा. पथ्यपाणी मी इथून बघतो." (इथून! जसा काही मी दिल्लीचा मोठा डॉक्टर!)

रोज फोन यायचा. "एकशे दहा!"

"शाब्बास अण्णा!" मी वर्गात पोरांना अण्णांचं उदाहरण द्यायचो. खूश होऊन त्यांना सकाळचा गोड चहासुद्धा मंजूर करून टाकला.

ईदच्या दुसऱ्या दिवशी मात्र आकडा एकशे सत्तर!

"काय खाल्लंत?"

"शीरखुर्मा. गफूरकडचा. सण होता ना, मंग?"

एकदा न कळवता सकाळीच गेलो. ओसरीवर शेजारचे गफूरचाचा टेलर बोट पुढं करून बसलेले आणि अण्णा त्यांना सुई टोचून राह्यलेले!

"अण्णा! हे काय?"

"मला सुईचं लई भ्याव वाटतं रे. गफूरच्या बोटाला सवय हाये."

"जिंदगीभर टोचून घेतलं बेटा," चाचा म्हणाले, "दोस्तासाठी अजून एक थेंब, त्यात काय!"

मी घर डोक्यावर घेतलं. अण्णांचं बोट धरून टोचलं. चारशेच्या वर! तेव्हा कुठं माझं लक्ष त्यांच्या टाचेला बांधलेल्या चिंधीकडं गेलं. आत जखम होती, काळी पडलेली.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. पर आकडा चांगला येऊन राह्यलाय ना, भरंल म्हणलं."

स्वतःच फसवत होते आणि स्वतःच विश्वास ठेवून बसले होते! हसू आलं, आणि तसंच उचलून त्यांना जालन्याच्या दवाखान्यात नेलं.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढं आठ महिन्यांत अण्णा गेले.

"माझ्या बोटानं घात केला," गफूरचाचा माझ्या गळ्यात पडून रडले.

"न्हाई चाचा. बोट तुमचं होतं, अक्कल माझी." सणावारी घरी जायचो, आकडा विचारायचो, पाय एकदाही बघितला नव्हता. अजून झोंबतं ते.

आता मलाही शुगर आहे. लेक पुण्याहून रोज फोन करते, "बाबा, आज किती?"

"एकशे दहा!" मी ठणकावून सांगतो. यंत्र कपाटात, सुई डब्यात. मलाही भीती वाटते हो! अण्णा निदान कुणाचं तरी बोट टोचायचे.