पुढच्या चाकाचं लिंबू

शेजारच्या निखिलने नवी मोटारसायकल आणली, तेव्हा तिला हार घालायला जागाच सापडेना. पुढे काच नाही, बाजूला पत्रे नाहीत. कातडी सोललेल्या जनावरासारखं सगळं इंजिन उघडं. "काका, हिच्यात एक ग्रॅमसुद्धा फालतू वजन ठेवलेलं नाही," तो कौतुकाने म्हणाला. मला वाटलं, म्हणजे फालतू वजन आता एकच, वर बसणाऱ्या माणसाचं.

गाडी बंद होती, तरी पुढे झुकून दबा धरल्यासारखी उभी होती. आपण यंत्रालाही हळदकुंकू लावतो, नारळ फोडतो, आणि एवढ्याने ते घरातलं झालं असं धरून चालतो. त्याला मात्र ओढ असते ती फक्त वेगाची.

निखिलच्या आईने दोन्ही चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं आणि डोळे मिटून हात जोडले. निखिलने गाडी सुरू करून ॲक्सिलरेटरची मूठ जराशी पिळली. मागचं लिंबू फुटलं. पुढचं चाक मात्र हातभर उचललं गेलं आणि आपल्या लिंबावरून अधांतरीच पुढे गेलं. मागचं चाक नुकत्याच फोडलेल्या नारळाच्या पाण्यावर बाजूला घसरलं, कसंबसं सावरलं, आणि गाडी फाटकाबाहेर नाहीशी झाली.

वहिनींनी डोळे उघडले. "गेली ना हो दोन्ही लिंबांवरून?"

"गेली," मी म्हणालो आणि ते अख्खं लिंबू चपलेखाली झाकलं.

लांबून गिअर चढत गेल्याचा आवाज येत होता. गाडी परत यायची वाट बघत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. मला पाय हलवता येत नव्हता.