मधली कोरी जागा

बीडला चित्रांचं प्रदर्शन भरणार व्हतं, त्या हॉलात त्या दिवशी सकाळी आमी पाच जण व्हतो. मी, माझी सून, माझी थोरली जाऊ, नातीच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मॅडम, आन चित्रं निवडणारे सर. खुर्च्या लावणारे दोघं व्हते, पर ते च्या प्यायला बाहीर गेलते. मी दुसरीपर्यंत शिकले. म्हणून मी सांगते आन सून लिहिते. मधी कुठं शुद्ध दिसलं तर ते तिचं.

आमचं गाव पालीच्या अलीकडं. लग्न झालं त्या सालापासून ऊसतोडीला गेले. दर साली नवा फड, नवी कोपी. कोपी म्हंजी चार बांबू आन वर पाचट. गेल्या गेल्या मी आधी कोपीतली जमीन सारवायची. आमचे मालक म्हणायचे, "सहा म्हैन्याच्या घराला कावून एवढं करतीस?" मी सारवतच ऱ्हायची. दिसभर हात कोयत्याचा, तेवढा येळ माझा. उजव्या हाताच्या चार रेघा उठायच्या, डाव्याच्या तीन. डावी करंगळी फडातच गेली, धाकटा पोटात व्हता तवा. चिंधी बांधली आन मोळी उचलली. दुसरं काय करणार.

पुढं पोरानं घर बांधलं, समद्या घरात फरशी घातली. त्याचं चांगलंच झालं, पर माझ्या हाताला काम राहिलं न्हाई. मालक गेले तवा अंगण तेवढं सारवलं, ते शेवटचं. एक दिवस दारात फाटका फ्लेक्स पडलता, कुणाच्या तरी वाढदिवसाचा. उलटा केला तर पांढराशुभ्र. गेरू, चुना, चुलीची काजळी घेतली, बाभळीचा डिंक भिजवून त्यात कालवला आन दोन्ही हातांच्या बोटांनी काढाया बसले.

काय काढायचं ते मी ठरवत न्हाई. ठरवलं की हात आखडतो. एक फेर वढायचा, मग दुसरा कुठं जायचा ते तोच दावतो. लई दाट झालं की इरळ करायचं. सारवताना करायची तसंच, कोपऱ्यातून सुरू करायचं आन मागं सरकत दाराकडं यायचं, पाय उठू नये म्हणून.

सून म्हणली, "आत्या, एखादा मोर तरी काढा, लोकास्नी कळंल."

"मोर बघायचाय त्यानं रानात जावं," मी म्हणलं.

असे दहा-बारा फ्लेक्स झाले. त्यातल्या एकाच्या मधोमध सुपाएवढी जागा कोरी राहिली. हात तिथं गेलाच न्हाई, मीबी ढकलला न्हाई. मॅडमनी त्याचाच फोटो सरास्नी पाठवला आन सरांचा निरोप आला, घेऊन या, बघून ठरवू. शहरात शिकलेल्यांची चित्रं लागणार व्हती तिथं. माझं लागंल का न्हाई, ह्याच्या पायी मला आठ दिस भाकर गोड लागली न्हाई. माझ्या हातची वस्तू कुणी उचलून भितीला टांगली, असं कधी झालंच नव्हतं.

सरांनी फ्लेक्स टेबलावर पसरून लई येळ बघितला. मग म्हणले, "आजी, ही मधली मोकळी जागा आहे ना, तिच्यामुळंच हे चित्र घेतोय." आन आमाला घेऊन भित दावायला गेले.

जाऊ तिथंच बसलीवती. आमच्याकडं सारवलेलं कोरं ठेवत न्हाईत. मयत उचललं की ती जागा सारवून तशीच सोडतात. एरवी दोन रेघा रांगोळीच्या, न्हाईतर हळदीकुकवाचं बोट तरी वढतात. जाऊ चांगल्या कामाला निघाली म्हणून करंडा घेऊन आलती. आमची पाठ फिरली आन तिनं बोटं भिजवून त्या जागी हळद वढली, वर कुकू वढलं. ठसठशीत, पाच बोटांचं.

सर माघारी आले, बघतच राहिले. "हे कुणी केलं?"

"म्या केलं," जाऊ म्हणली. "शुभ कामाला मयताच्या घरावानी कोरं ठिवलंतं हिनं."

सून चिडली. "मोठ्या आत्या, तुमाला सांगितलं व्हतं का कुणी?"

"सांगाया कशाला पायजे? तुमी फरशीवरची माणसं, तुमास्नी काय ठावं."

सर हळूच म्हणले, "आता हे नाही लावता येणार, आजी. पुढच्या वर्षी नवं आणा."

मॅडमनी मान खाली घातली. मी म्हणलं, "पुढच्या वर्साचं कुणी बघितलंय. खाली अंथरा ते." मग जाऊला म्हणलं, "बाई, करंडा द्या."

"समदा?" जाऊ म्हणली.

"समदा."

पदर खोचून बसले. सुनेनं बाटलीतलं पाणी वतलं. जाऊच्या बोटांपासूनच धरलं आन हळद बाहीर वढत नेली, माझ्या चुन्याच्या रेघांवर. चुन्यावर वली हळद गेली की लाल व्हती. मधी पिवळं आन कडंला रेघारेघानं लाल उठाया लागलं, तसे सर खाली वाकले. मग सरकत सरकत खालच्या कोपऱ्यात आले. पदराचं टोक भिजवलं आन तिथला गेरू पुसून काढला, सुपाच्या दुप्पट. डिंक हाय, पाण्यानं सुटतो. पांढरं निघालं, पर आत माझ्या बोटांच्या रेघा पुसट राहिल्या, चार आन तीन.

जाऊनं बघितलं. "आता हाय काहीतरी त्यात," म्हणली.

सरांनी खुर्च्यावाल्या दोघांना हाक मारली आन म्हणले, "समोरच्या भिंतीवर घ्या. दारातून आत आलं की पहिलं हे दिसलं पाहिजे."

तीन दिस ते तिथं व्हतं. लोकं दारात आली की थांबायची. जाऊ तिन्ही दिस खुर्ची टाकून बाजूला बसली आन येईल त्याला सांगायची, "मधलं म्या केलंय." खरंच व्हतं ते.

आता नातीच्या शाळेनं मला रंगवाया मागची आख्खी भित दिलीय, बाहीरच्या बाजूची. पावसात गेरू टिकायचा न्हाई. तर हे वाचणाऱ्यानं एवढं करावं, घर रंगवून ऑइल पेंट उरला असंल तर डबा वाळायच्या आत शाळेत आणून द्यावा. पांढरा लई झालाय. काळा पाहिजे.