ताईसाठी घेतलेली चव

बटाटेवड्यांचा खमंग वास बसच्या खिडकीतून आत आला, की ताई डोळे मिटून घ्यायची. तो वास ती गिळत असे असं मला वाटे; कारण दुसरं काही गिळणं तिला दिवसेंदिवस अवघड होत चाललं होतं.

गिरगावातून परळच्या इस्पितळापर्यंतचा तो प्रवास आम्ही सहा आठवडे केला. ताईच्या घशात गाठ निघाली होती आणि तिच्यावर किरणोपचार चालू होते. माझी ही थोरली बहीण. लग्न केलं नाही. सारी नोकरी दादरच्या एका कचेरीत झाली. हा रस्ता तिला तोंडपाठ होता, पण तिच्या पाठांतरात चौकांना जागा नव्हती. इथली मिसळ, तिथलं पियूष, पलीकडच्या बोळातली खरवसवाली बाई, अशा खुणांनी तिचं शहर आखलेलं होतं. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले तरी तिच्या नकाशातलं एकही ठिकाण पुसलं गेलं नव्हतं. खिडकीशी बसून ती मला म्हणायची, "दिनू, बरी झाले की आधी इथे उतरायचं."

उपचार आटोपले की आम्ही लालबागच्या एका छोट्या खानावळीत जात असू. मालकीण मालवणकडची, उंच, अबोल. गर्दीच्या वेळी तिला पदर सावरायलाही उसंत नसे. पहिल्या आठवड्यात ताईने सोलकढी-भात खाल्ला. दुसऱ्या आठवड्यात नुसती सोलकढी. मग एके दिवशी तिने वाटी तोंडाला लावली आणि तशीच खाली ठेवली. "पाणी प्यायल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. चव जाईल, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. पण सांगितलेलं दुःख आणि समोर वाटीत येऊन बसलेलं दुःख, ही दोन्ही एकच असतात का?

दुसऱ्या दिवशी मी खानावळ टाळून थेट बसथांब्याकडे वळलो. ताईने माझा हात धरला. "तू जेवायचंस. मी बसते समोर."

तिने माझ्यासाठी बांगड्याचं तिखलं मागवलं आणि मी घास घेतल्यावर विचारलं, "कसं झालंय?"

"छान."

"छान म्हणजे काय? नीट सांग."

मी गोंधळलो. जन्मभर दोन वेळा जेवणारा मी माणूस, पण चवीविषयी माझ्यापाशी शब्द किती दरिद्री होते! मग हळूहळू शिकलो. आंबटपणा आधी येतो आणि तिखट मागाहून, हे सांगायला शिकलो. तिरफळाने जिभेच्या कडेला येणारी झिणझिण, काट्यालगतच्या मांसाचा गोडवा, भाकरीच्या करपलेल्या कडेचा किंचित कडूपणा, हे सारं मी तिच्यासाठी शोधू लागलो. ती मान किंचित कलती करून ऐकायची. ऐकताना तिचे ओठ हलायचे.

चौथ्या आठवड्यात तिचा गळा बाहेरूनही भाजून काळा पडला होता. त्या दिवशी तिखलं नेहमीपेक्षा उत्तम झालं होतं; आणि तिच्याकडे बघताना मला ते उत्तम म्हणवेना. तिचं काही हुकत नाहीये, एवढा तरी दिलासा तिला मिळावा म्हणून मी म्हणालो, "आज बरं नाही. खारट झालंय."

मालकीण शेजारच्या टेबलाशी वाढत होती. तिने ते ऐकलं. मुकाट्याने आत जाऊन तिने टोपातला रस्सा चाखला आणि बाहेर आली. "मीठ बरोबर आसा हो," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. मी मान खाली घातली.

"खोटं बोललास ना?" ताईने विचारलं. तिचा आवाज तेव्हा जेमतेम कुजबुजीएवढा उरला होता. "दिनू, माझी चव गेलीय. तुझ्या तोंडून मिळते ती तरी खरी मिळू दे."

मी मालकिणीची माफी मागितली. मग ताईला त्या तिखल्याचा घास न् घास सांगितला. सांगताना रडलो, तरी थांबलो नाही.

उपचार संपले, गाठ आटली. ताई मऊ भात खाऊ लागली आणि आम्हाला वाटलं, निभावलं. दिवाळीनंतर गाठ परत आली. शेवटी नाकातल्या नळीवाटे तिच्या पोटात दूध जाई. मी कचेरीतून आलो की तिच्या उशाशी बसून दुपारी काय खाल्लं ते सांगे. मधेच थांबलो तर ती बोट हलवून 'पुढे' म्हणे. माघातल्या एका सकाळी ते बोट हललं नाही.

त्यानंतर कित्येक दिवस मी परळच्या बाजूला फिरकलो नाही. मग एका दुपारी लालबागला उतरलो आणि खानावळीत जाऊन बसलो. मालकिणीने पाण्याचा पेला ठेवला, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई नाय इल्या?"

मी सांगितलं.

ती आत गेली. स्वतः ताट वाढून घेऊन आली, माझ्यापुढे ठेवलं, आणि भर गर्दीत समोरची खुर्ची ओढून बसली. कुणीतरी भाकरी मागत होतं, कुणी हिशेबासाठी खोळंबलं होतं. माझं ताट रिकामं होईपर्यंत ती उठली नाही.