हनिमून गाळणारा फिल्टर

"मॅडम, तुम्ही जरा बाहेर बसा," साने सर म्हणाले, आणि माझ्याच प्रोग्रामच्या मीटिंगमधून मला बाहेर काढून त्यांनी दार लावून घेतलं.

साने सर आमचे बॉस. कंपनी तेव्हा कोथरूडमधल्या एका सोसायटीत, तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होती. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचे ते दिवस. मी प्रोबेशनवर होते. क्लायंट इंग्लंडचा, काम शाळेतल्या मुलांसाठी शब्दांच्या खेळाचं. मुलानं दोन-तीन अक्षरं टाइप करायची, ती अक्षरं असलेले लांबलचक इंग्रजी शब्द प्रोग्रामनं शोधून द्यायचे. हा सर्च मी लिहिला होता. डेमो नीट झाला तर मी परमनंट, नाही तर नमस्कार.

क्लायंटनं पाठवलेल्या शब्दांच्या साठ्यात सगळंच होतं. शाळेत चालणार नाहीत ते शब्द पडद्यावर येता कामा नयेत, ही त्यांची अट. म्हणजे फिल्टर हवा. चहाचं गाळणंच म्हणा. फक्त काय अडवायचं, ते आधी कुणीतरी त्याला सांगावं लागतं.

बाईमाणसासमोर ही चर्चा सरांना प्रशस्त वाटेना. म्हणून ऑफिसातले सगळे पुरुष आत आणि मी बाहेर. दार पातळ होतं.

"हं, सांगा," सर म्हणाले.

खुर्च्या तेवढ्या करकरल्या.

"भूषण, तुम्ही?"

भूषण अमरावतीचा. मॅचमध्ये विकेट पडली की त्याच्या तोंडून असे काही इंग्रजी शब्द निघत की मी उठून टेबल बदलायची.

"मला नाही येत सर असलं काही. मी मराठी मीडियमचा."

मला हसू आवरेना. "मी येऊ का मदतीला?" मी बाहेरूनच विचारलं.

"अहो, नको नको! आपण सर्चचं बघा."

संध्याकाळी फिल्टर तयार झाला. मला तो शेवटपर्यंत दाखवला नाही.

डेमोला क्लायंटकडून हेलनबाई स्वतः आल्या. साठीच्या, पूर्वीच्या हेडमिस्ट्रेस. मनात एक शब्द धरून त्यांनी एच, वाय, एम अशी अक्षरं दिली. प्रोजेक्टरच्या पडद्यावर भराभर शब्द आले. बाईंनी ते वरपासून खालपर्यंत वाचले.

"हनिमून कुठाय?"

सर माझ्याकडे बघायला लागले. हनिमून साठ्यात होता, मी पाहिलेला होता. बाईंनी मग बी, डी, आर दिलं. ब्राइडग्रूम आला. बेडरूम नाही.

"सर्च चुकतोय," बाई म्हणाल्या.

"ही मुलगी नवीन आहे," सर घाईघाईनं म्हणाले.

आता मात्र माझं डोकं सणकलं. "सर्च बरोबर आहे. हे शब्द फिल्टरनं अडवलेत. फिल्टर या सद्गृहस्थांनी बनवलाय, त्यांनाच विचारा."

हेलनबाईंनी खुर्ची वळवली. "मिस्टर साने, बेडरूममध्ये वाईट काय आहे?"

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला. भूषण टेबलाखाली पेन शोधायला लागला.

"बरं, खऱ्या शिव्या तरी अडवल्यात का?" म्हणत बाईंनी स्वतःच अक्षरं टाइप केली. पडद्यावर अगदी वर, ठसठशीत टायपात, भूषणचा विकेट पडल्यावरचा शब्द अवतरला.

माझ्या लक्षात आलं. शिवी सांगायची म्हणजे ती आपल्याला येते हे साने सरांसमोर कबूल करणं आलं. ते धाडस एकानंही केलं नव्हतं. काहीतरी सांगायला हवं म्हणून जो तो हनिमूनपर्यंत जाऊन परत आला होता.

सर धावत जाऊन पडद्यासमोर उभे राहिले. शब्द त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उमटला. हेलनबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

काम आम्हालाच मिळालं. अट एकच होती, फिल्टर मी बनवायचा. मी परमनंट झाले. भूषणला शेजारी बसवून सगळं डिक्टेशन घेतलं. मराठी मीडियमच्या मानानं त्याची तयारी उत्तम होती.

आता खराडीच्या काचेच्या ऑफिसात नवी मुलं मला टेस्टिंगबद्दल विचारतात. मी एवढंच सांगते, मीटिंगमधून कुणाला बाहेर बसवायचंच असेल, तर ज्याला लाज वाटते त्याला बसवा. जिच्यासमोर वाटते तिला नव्हे.