उन्हाचं दूध

चंद्रकांताबाईची बाळंतपणाची रजा संपली आणि अख्ख्या सिहोऱ्याला तिची काळजी लागली. काळजी करायला पैसा लागत नाही, म्हणून आपल्या गावात ती धानापेक्षाही जोमानं पिकते. सन अठ्ठ्याहत्तर, फाल्गुन संपत आलेला. "तान्हं लेकरू टाकून निघाली वो मास्तरीण," अशी बायांनी विहिरीवर हळहळ केली, आणि आपापली पोरं तिच्याच पहिलीच्या वर्गात ढकलून त्या मोकळ्या झाल्या.

नवरा ताराचंद राइस मिलमध्ये कामाला. "तू न् माय मिळून ठरवा, माहं काही म्हणणं नाई," एवढं बोलून तो सायकलवर टांग टाकायचा. इतका उदार नवरा साऱ्या तालुक्यात सापडायचा नाही. घरात भांडण पेटलं की याला मिलमध्ये हमखास जादा काम निघे.

लेकरू राहिलं सासूजवळ. सत्यभामाबाईंनी त्याला सांभाळायला घेतलं म्हणणं बरोबर नाही. वावराचा ताबा घ्यावा तसा त्याचा ताबा घेतला. शिवाय त्यांचा एक कायदा होता. बाई उन्हातून आली की अंगातलं दूध तापलेलं असतं, ते लेकराला बाधतं. म्हणून संध्याकाळी चंद्रकांता शाळेतून आली की आधी पाय धुवायचे, गडूभर पाणी प्यायचं, पहिल्या धारा भिंतीवर पिळून टाकायच्या आणि ओसरीत बसून निवायचं. ती निवली की नाही, हे सत्यभामाबाई तिच्या पाठीला हात लावून ठरवत. भाकर टाकण्याआधी तवा बघतात ना, तसा.

"आत्याबाई, आता तरी द्या त्याले."

"अजून पाठ गरम हाये तुही. जुलाब लागन लेकराले."

"सूर्य मावळला की वो."

"सूर्य मावळला. तू कुठी मावळली?"

तोवर लेकरू बोंबलून घर डोक्यावर घेई. मग सत्यभामाबाई वाटी-चमचा घेऊन त्याला बकरीचं दूध पाजत, आणि चंद्रकांताची पाठ थंड झाल्याचा निकाल लागे तेव्हा ते पोट भरून झोपलेलं असे.

"बकरी तं दिवसभर उन्हातच चरते न, आत्याबाई," एकदा तिनं न राहवून म्हटलं.

"बकरी नोकरी नाई करत," सत्यभामाबाई म्हणाल्या.

ट्रेनिंगला असलं काही शिकवलं नव्हतं.

शाळेत निराळीच तऱ्हा. पहिलीतलं कोणतंही पोर रडलं की हिला पान्हा फुटे. पदर ओढून घेत ती फळ्याकडे तोंड करी आणि काढलेलाच अ पुन्हा गिरवी. पोरांना वाटे, बाईंचं अक्षर सुधारून राहिलं. पण हळूहळू पान्हाही कमी झाला. ते ध्यानात आलं त्या दिवशी मात्र तिनं फळ्यावरचा अ अर्धाच सोडला. दूधच आटलं, तर मग ती त्या लेकराची कोण? सकाळी घरून जाणारी नि संध्याकाळी येणारी एक बाई. नोकरी सोडायची, असं तिनं मनाशी पक्कं केलं. फक्त हेडमास्तर गुरुजींना सांगायचं राहिलं होतं.

पण चैत्रात एका सकाळी बकरीच्या पिलानं दावं तोडलं आणि आईची कास कोरडी करून टाकली. घरी लेकरानं भूक भूक मांडली. सत्यभामाबाईंनी साखरपाणी दिलं, ते त्यानं थुंकून टाकलं. तांदळाची पेज दिली, ती त्यांच्याच लुगड्यावर आली. भर दुपारी त्या लेकराला पदराखाली घेऊन, छत्री उघडून निघाल्या.

शाळेत बेचा पाढा चालला होता. सत्यभामाबाई थेट वर्गात शिरल्या.

"घे. पाज."

लेकराला घ्यायला चंद्रकांताचे हात शिवशिवत होते, पण इतक्या दिवसांचा राग काय फुकट जाऊ द्यायचा?

"उन्हाचं दूध चालन का, आत्याबाई?"

"तू सकाळपासून सावलीत बसली हायेस. उन्हातून मी आली. माहं दूध पेऊन राहिला का तो?"

कायदा शाबूत राहिला, सासूही शाबूत राहिली. चंद्रकांता कोपऱ्यात वर्गाकडे पाठ करून बसली. लेकरू असं झोंबलं, जणू आजवर त्याला कोणी उपाशीच ठेवलं होतं. हेडमास्तर यादोराव गुरुजी नियम सांगायला दारापर्यंत आले. "गुरुजी, तिकडं तोंड करा," सत्यभामाबाई म्हणाल्या, तशी गुरुजींना पाण्याचा माठ भरला की नाही ते बघायची आठवण झाली.

"म्हणा रे पोट्टेहो," जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या सत्यभामाबाईंनी फर्मावलं.

"काय म्हणू, आजी?"

"जे म्हणून राहिले होते तेच."

दुसऱ्या दिवशी बकरीनं भरपूर दूध दिलं, तरी मधल्या सुट्टीत छत्री हजर. "जनावराचा काय भरोसा," त्या म्हणाल्या. मग तो रोजचाच रिवाज झाला. चंद्रकांताचा पान्हा परतला आणि गुरुजींशी बोलायचं ती विसरून गेली.

एकच गोष्ट खुपायची. पोट भरलं की लेकरू खुशाल आजीच्या खांद्यावर जाई. निदान थोडं रडावं त्यानं, आईकडे हात करावेत. पण नाव नाही. उलट छत्रीच्या काड्यांकडे बघून हसे. छत्री वळणाआड जाईपर्यंत चंद्रकांता दारात उभी राही. मग आत कोणीतरी कोणाची तरी पाटी फोडे, ज्याची फुटली तो "बाईऽऽ" म्हणून गळा काढी, आणि ती लगबगीनं आत जाई. तिच्या नावानं रडणारं निदान तिथं तरी कोणी होतं.